राष्ट्रीय अस्मिता आणि सार्वजनिक स्मरण : मुंबईत हा विषय पहिल्यांदा शिकवताना

हा विषय हाती आलेले बरेच नवे प्राध्यापक सुरुवातीलाच अडकतात. पहिले तीन आठवडे ‘राष्ट्र म्हणजे काय’ यात जातात, फळा व्याख्यांनी भरतो, आणि गाडी स्मारकांपर्यंत येईस्तोवर अंतर्गत परीक्षा दाराशी आलेली असते. मुलं व्याख्या पाठ करतात आणि रोज ज्या पुतळ्यावरून बस वळते त्याच्याकडे कधी मान वर करून बघत नाहीत. मुंबईत शिकवत असाल तर हे उलट करा. आधी दगड, मग कागद, आणि सिद्धांत सर्वांत शेवटी.

दुसरी एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्वतःशी ठरवून टाका. वर्गात चर्चा स्मारकाची होईल, त्या थोर व्यक्तीची नाही. ‘अमुक नेता थोर होता का’ हा प्रश्न एकदा वर्गात शिरला की उरलेलं सत्र तोच खातो. ‘हा पुतळा कधी, कोणी, कोणाच्या पैशाने, कुठे आणि का उभा केला’ हा प्रश्न मात्र कोणत्याही घरातून आलेला विद्यार्थी न दुखावता विचारू शकतो. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं या एका फरकावर उभं आहे.

सत्र कोणतं, तास किती

निवड तुमच्या हाती असेल तर दुसरं सत्र घ्या. पहिल्या सत्रात पाऊस फेऱ्या बुडवतो आणि गणपती-नवरात्रात वर्ग अर्धा रिकामा असतो. दुसऱ्या सत्राच्या आसपास २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर, १२ डिसेंबरचा बाबू गेनू स्मृतिदिन, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारी, २७ फेब्रुवारी, १४ एप्रिल असे एकामागून एक दिवस येतात. प्रत्येक दिवस म्हणजे आयती प्रयोगशाळा.

एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास. चार श्रेयांकांच्या विषयाला ६० तास मिळतात, दोनाच्या विषयाला ३०. क्षेत्रकार्याचा हिशोब वेगळा आहे, तिथे एका श्रेयांकाला ३० तास भरावे लागतात. ६० तासांची वाटणी साधारण अशी ठेवता येते : स्मारकं आणि फेऱ्यांची तयारी २०, कागदपत्रं १२, सिद्धांत १४, प्रकल्पांची सादरीकरणं १०, राखीव ४. हे राखीव चार तास काढूच नका. निवडणूक, अचानक जाहीर झालेली सुट्टी, लोकलचा गोंधळ यांत ते हमखास लागतात. आणखी एक व्यावहारिक अडचण अशी की, ज्या दिवसांचा अभ्यास करायचा तेच दिवस बहुधा सुट्टीचे असतात. त्यामुळे त्या दिवसाची निरीक्षणं मुलांनी एकेकट्याने करून आणायची आणि पुढच्या तासाला त्यावर बोलायचं, असाच आराखडा ठेवा.

दिनदर्शिकेवरूनच पहिला स्वाध्याय निघतो. एकाच तारखेवर दोन आठवणी कशा नांदतात ते मुलांना शोधायला सांगा. १ मे हा महाराष्ट्र दिन, तोच कामगार दिन. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक मुंबईत सरदारगृहात वारले आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. पुण्यतिथी आणि जयंतीचे फलक म्हणून एकाच चौकात लागतात. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन, आणि २००८ नंतर मुंबईसाठी तो हल्ल्यातल्या मृतांना आदरांजली वाहण्याचाही दिवस झाला. १४ एप्रिल ही आंबेडकर जयंती. १९४४ साली याच तारखेला गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे जवान त्यात मरण पावले, म्हणून देशभर अग्निशमन सेवा दिनही याच तारखेला पाळतात. शहरात १४ एप्रिलला काय ऐकू येतं आणि काय ऐकू येत नाही, यावर एक तास सहज रंगतो.

शब्द आधी निवडून घ्या

मराठीत शिकवताना शब्दांवरच घसरायला होतं. राष्ट्रवाद, देशभक्ती, राष्ट्रीयत्व आणि अस्मिता हे चार शब्द मुलं एकाच अर्थाने वापरतात. ‘अस्मिता’ या शब्दात मराठी कानाला अभिमानाचा आणि दुखावलेपणाचा सूर आपोआप ऐकू येतो. ‘ओळख’ तटस्थ आहे, पण फार पातळ. दोन्ही शब्द फळ्यावर लिहा, फरक मुलांकडूनच काढून घ्या आणि सत्रभर तो पाळा. ‘हुतात्मा’ आणि ‘शहीद’ यांचंही तसंच. फलकांवर कोणत्या काळात कोणता शब्द येतो हे टिपायला सांगितलं तर भाषेच्या आवडीनिवडी कशा बदलल्या ते मुलांना स्वतःच दिसतं. स्मारक, समाधी, पुतळा, कोनशिला, नामफलक हे प्रकारही वेगळे करून द्या, नाहीतर प्रकल्पात सगळ्यांनाच ‘स्मारक’ म्हटलेलं सापडेल.

पहिलं उदाहरण : गेटवे

पहिल्या दोन तासांसाठी गेटवे ऑफ इंडिया घ्या. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि त्यावरून कोणी भांडत नाही. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी मुंबईत उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान. पण राजाराणी आले तेव्हा इथे दगडी कमान नव्हतीच. जॉर्ज विटेटचा आराखडा पुढे मंजूर झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी गेटवे खुला झाला. म्हणजे आगमन झालं तेरा वर्षांपूर्वी आणि स्मारक आलं मागाहून. मग २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. कमान साम्राज्याच्या आगमनासाठी बांधली आणि लोकांनी ती निरोपासाठी लक्षात ठेवली. २६ जानेवारी १९६१ रोजी समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा नऊ महिने झाले नव्हते.

या एका जागेवरून चार गोष्टी शिकवून होतात : स्मारकाची तारीख आणि घटनेची तारीख वेगळी असते, स्मारकाचा अर्थ बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही, जुनं न पाडताही समोर नवं उभारून उत्तर देता येतं, आणि दिवसाची निवड हाही मजकूरच असतो. मुलांना कमानीवरचा लेख वाचून यायला सांगा. निम्म्याहून अधिक जणांनी तो कधी वाचलेला नसतो.

हुतात्मा चौक : इथे घाई करू नका

या चौकाला पाच-सहा तास द्या. मुंबईत हा विषय शिकवण्यासाठी याहून भरलेली जागा नाही. एकाच चौकात १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन आहे, रोमन पुष्पदेवतेचं. शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबाराला बळी पडलेल्यांसाठी. नाव अधिकृतपणे बदललं, तरी टॅक्सीवाल्याला अजून ‘फाउंटन’ म्हटलेलं लगेच कळतं. नामांतर कागदावर एका दिवसात होतं, तोंडात बसायला दोन पिढ्या जातात. (राणीच्या बागेचंही तेच. बाग केव्हाच वीरमाता जिजाबाईंच्या नावाने झाली, तरी घराघरात ‘राणी’ टिकून आहे, आणि ती राणी व्हिक्टोरिया हे बहुतेकांना ठाऊकही नसतं.)

पहिला प्रश्न आकड्याचा. हुतात्मे किती? भाषणांत, गाण्यांत, पुस्तकांत कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ असं येतं. ‘खरा आकडा कोणता’ असं विचारलंत तर मुलं फोनवर शोधतील आणि पहिलं दिसेल ते उत्तर देतील. त्याऐवजी विचारा : यादीत नाव घालायचं की नाही हे ठरवण्यासाठी कोणते निकष लागतील? गोळीबारात जागीच मेलेला आणि महिन्यांनी जखमेने मेलेला, दोघं धरायचे का? आंदोलनात नसलेला, नुसता रस्त्याने जाणारा? २१ नोव्हेंबर १९५५ पासून मोजायचं की आधीपासून? गट पाडा, प्रत्येक गटाला निकष लिहायला लावा, मग प्रत्यक्ष यादी वाचायला द्या.

यादी मोठ्याने वाचून घ्या. सगळी नावं, न गाळता. दहा मिनिटं लागतात आणि वर्ग शांत होतो. मग गावांकडे लक्ष वेधा. यादीत बेळगाव आणि निपाणीची माणसं आहेत. ज्या राज्यासाठी ती गेली त्या राज्यात त्यांची गावं आली नाहीत. अमराठी नावंही सापडतात. ‘मराठी अस्मितेचं स्मारक’ हे एका ओळीचं उत्तर इथे पुरत नाही हे तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटचा प्रश्न आकृतीचा. शिल्पात शेतकरी आणि कामगार का? लढ्यात गिरण्यांमधला कामगार किती होता हे सांगा आणि लगेच पुढे विचारा की, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाची अशी जागा शहरात कुठे आहे? परळ-लालबागच्या मुलांकडे यावर घरची माहिती असते. ती येऊ द्या, पण तिथेच थांबू नका. कोणत्या आठवणीमागे राज्य उभं राहिलं आणि कोणती चाळीतल्या भिंतीवरच्या फोटोपुरती उरली, हा त्या तासाचा विषय आहे.

फेरी

मार्ग : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हुतात्मा चौक, काळा घोडा, गेटवे. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास, थांब्यांसह तीन तास धरा. रविवारी सकाळी साडेसातला निघा. तेव्हा फोर्टात वाहनं कमी असतात, शिवाय दहानंतर गेटवेवर गर्दीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. मात्र रविवारी मेगाब्लॉक असतो. आदल्या दिवशी वेळापत्रक बघून मुलांना कळवा, नाहीतर हार्बरवरची निम्मी मुलं नऊला पोचतील. एका वेळी २० ते २५ जणांपेक्षा जास्त नेऊ नका. साठांचा वर्ग असेल तर तीन फेऱ्या करा. पाणी, टोपी आणि स्वच्छतागृह कुठे आहे याची आधी खातरजमा या गोष्टी विभागप्रमुखाच्या परवानगीपत्राइतक्याच महत्त्वाच्या आहेत. गेटवेला बॅगा तपासतात, म्हणून मोठ्या बॅगा आणू नका असं सांगून ठेवा. शेजारीच नौदलाचा परिसर आहे, तिथे फोटो काढायचे नाहीत हेही आधीच बजावा.

काळ्या घोड्यापाशी वीस मिनिटं पुरतात, पण ती चुकवू नका. इथे १८७९ साली प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावरचा पुतळा बसला. १९६५ मध्ये तो हलवला आणि तो आता राणीच्या बागेच्या आवारात उभा आहे. पुतळा गेला, जागेचं नाव मात्र राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वाराशिवाय. जमलं तर दुसऱ्या फेरीत बागेतला जुना पुतळा दाखवा. बुधवारी बाग बंद असते. हलवलेल्या पुतळ्यासमोर उभं राहिल्यावर ‘पाडायचं, हलवायचं, झाकायचं की ठेवायचं’ ही चर्चा हवेतली राहत नाही.

प्रत्येकाच्या हाती एक निरीक्षणपत्रक द्या, एकाच पानाचं. प्रश्न आठ पुरे : फलकावर काय लिहिलं आहे (शब्दशः), कोणत्या भाषांत आणि कोणती भाषा वर, कोणाची नावं आहेत आणि ती कशासाठी (मृत, देणगीदार की उद्घाटक), तारीख कोणती, आकृती कुठे तोंड करून आहे, चौथरा किती उंच, देखभाल कोण करतं, आणि दहा मिनिटांत किती लोकांनी मान वर करून पाहिलं. उद्घाटक मंत्र्याचं नाव मृतांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत कोरलेलं सापडलं की मुलं हसतात. हसू द्या, आणि अक्षरांची उंची पट्टीने मोजायला सांगा.

चैत्यभूमीबद्दल वेगळं बोलावं लागेल. ६ डिसेंबरला वर्गाची फेरी नेऊ नका. लाखो लोक तिथे अभिवादनाला आलेले असतात. हातात निरीक्षणपत्रक घेऊन त्यांच्याकडे ‘दृश्य’ म्हणून बघणारा घोळका तिथे शोभत नाही. वर्गातले अनेक विद्यार्थी त्या दिवशी कुटुंबासह तिथे जातातच. त्यांच्यापैकी कोणाला स्वेच्छेने लिहायचं असेल तर लिहू द्या, त्यांना वर्गाचे ‘माहितगार’ बनवून उभं करू नका. फेरी करायचीच तर जानेवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी करा, आणि इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकाचा प्रवासही त्याला जोडा.

कागद कुठे मिळतो

काळ्या घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे. एशियाटिक सोसायटीची जुनी वृत्तपत्रं ‘ग्रंथ संजीवनी’वर पाहता येतात. विधिमंडळातल्या चर्चा ग्रंथालयात मिळतात. पदवीच्या मुलांना थेट अभिलेखागारात पाठवू नका, मोडी आणि इंग्रजी हस्ताक्षरापुढे ती घाबरतात. आधी तुम्ही जा, चार-पाच कागदांच्या प्रती आणा आणि वर्गात वाटा.

अलीकडच्या स्मारकांसाठी माहिती अधिकार वापरायला शिकवा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. मुलांचे अर्ज इथेच फसतात : पाच प्रश्न एकत्र, शिवाय ‘का’ने सुरू होणारे. कार्यालय कारण देत नाही, कागद देतं. ‘ठरावाची प्रत’, ‘खर्चाच्या मंजुरीची प्रत’ असं मागा. ३० दिवसांचा हिशोब धरून अर्ज दुसऱ्या आठवड्यात गेलाच पाहिजे, नाहीतर उत्तर परीक्षेनंतर येतं. पुतळ्याच्या फाइलीत बघण्यासारखं बरंच असतं : स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचं ना हरकत, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे बसवायला परवानगी देऊ नये असा आदेश दिला. त्यानंतरचे पुतळे कोणत्या जागेवर आले हे शोधणं हा एक उत्तम प्रकल्प आहे.

आता सिद्धांत

एवढं पाहून झालं की सिद्धांताला खुंटी मिळते. रेनाँ या फ्रेंच विचारवंताने १८८२ च्या व्याख्यानात म्हटलं की, राष्ट्र घडायला सामायिक आठवण लागते तसं सामायिक विस्मरणही लागतं. गिरणी संपाचा तास झालेला असेल तर हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. बेनेडिक्ट अँडरसनची कल्पित समुदायाची मांडणी (एकमेकांना कधी न भेटलेली माणसंही मनाने स्वतःला एक समुदाय मानतात) यादीवाचनाला जोडा : न पाहिलेल्या माणसांची नावं ऐकून वर्ग गप्प का झाला? मायकल बिलिगचा मुद्दा रोजच्या, कोणी लक्षही न देणाऱ्या राष्ट्रचिन्हांचा आहे. त्यासाठी घर ते महाविद्यालय या प्रवासात तिरंगा किती ठिकाणी दिसला ते मोजायला सांगा : रिक्षावर, दुकानाच्या पाटीवर, पाकिटावर. चित्रपटगृहातलं राष्ट्रगीतही घ्या. महाराष्ट्रात ते २००३ पासून वाजतं, आणि ते वाजवणं सक्तीचं नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं.

पण सगळा सिद्धांत बाहेरूनच आणला तर चूक होईल. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटलं आणि टिळकांनी १८९६ मध्ये रायगडावर उत्सव उभा केला. राजा एकच, स्मरणाचे हेतू दोन. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेपासून सावध केलं आणि हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे ठरतील असा प्रश्न टाकला. हे भाषण मुळातून वाचून घ्या, उताऱ्यांवर भागवू नका.

वाद पेटला तर

पेटेल. बहुधा शिवजयंतीवरून, १९ फेब्रुवारी की फाल्गुन वद्य तृतीया. त्या क्षणी बाजू घेऊ नका आणि ‘सगळ्यांचं बरोबर’ असंही म्हणू नका, ते कोणालाच पटत नाही. प्रश्न वळवा : तारीख ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, तो कधी आला, आणि तिथी पाळणारे कॅलेंडर पाळणाऱ्यांपेक्षा वेगळं काय जपतात? वर्गात फोनवर चित्रीकरण नको हा नियम पहिल्या दिवशीच लेखी द्या. अर्धवट तुकडा बाहेर गेला की मागचंपुढचं कोणी ऐकत नाही. झेंडा, राष्ट्रगीत यांवरचे स्वाध्याय निरीक्षणाचेच ठेवा, प्रात्यक्षिकाचे नकोत. १९७१ चा राष्ट्रीय सन्मान अपमान प्रतिबंध कायदा आणि ध्वजसंहिता एकदा मुलांबरोबर वाचून काढा.

प्रकल्प आणि गुण

विषय एकच द्या : तुमच्या घरापासून एक किलोमीटरच्या आतलं एक स्मारक. विरार, कळवा, मानखुर्द, कुठेही काहीतरी असतंच. चौकाच्या नावाची पाटी, मंडळाने बसवलेला अर्धपुतळा, शाळेतली कोनशिला. मोठी स्मारकं निवडू दिलीत तर इंटरनेटवरचा मजकूर परत येतो. गल्लीतल्या कोनशिलेवर मजकूर सापडत नाही, म्हणून मुलाला स्वतः जावंच लागतं.

२० गुणांचा प्रकल्प असेल तर प्रत्यक्ष निरीक्षणाला ८, कागद किंवा मुलाखतीला ६, मांडणीला ६. थोर व्यक्तीच्या चरित्राला १५० शब्दांची मर्यादा आणि गुण शून्य. हे लेखी सांगितलं नाही तर दहापैकी आठ पानं चरित्राचीच येतात. हाताने काढलेला नकाशा आणि जागेवर लिहिलेली कच्ची टिपणं जोडणं सक्तीचं करा. मुलाखत घेताना आधी विचारायचं, नको म्हटलं तर नाव लिहायचं नाही.

प्रश्नपत्रिकेत ‘हुतात्मा चौकाचे महत्त्व स्पष्ट करा’ असं विचारू नका, भाषणंच येतील. ‘खालील फलकावरील मजकूर वाचा आणि त्यात कोणाचा उल्लेख नाही ते सकारण लिहा’ असं विचारा, आणि फलकाचा मजकूर प्रश्नपत्रिकेत छापून द्या. फोटो छापू नका, झेरॉक्समध्ये तो काळा पडतो आणि अक्षर दिसत नाही म्हणून पर्यवेक्षकाला वर्गावर्गात पळावं लागतं.